चाचपून पाहणे

हिंगोलीहून नर्सी नामदेवकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावी काही वर्षांपूर्वी मी एका कुटुंबाला भेटायला गेलो होतो. घर शेतकऱ्याचे, हळद पिकविणाऱ्याचे. अंगणभर शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि तिच्या कडेकडेने एक सहा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याने अंदाज घेत, एकही हळकुंड न तुडवता, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. ती जन्मांध होती. तिच्या डोळ्यांतील दृष्टिपटलच नीट घडलेले नाही, शस्त्रक्रियेने काही साधणार नाही, असे मोठ्या शहरातील डॉक्टरांनी सांगून टाकलेले होते. लांबच्या एका शहरात अंध मुलांची निवासी शाळा आहे, मुलीला या जूनपासूनच तेथे घालावे, असे एका शिक्षकाने सुचविले होते आणि त्यावर घरात एकमत होत नव्हते. चहा झाल्यावर मला विचारण्यात आले : फादर, तुम्ही सांगा.

मी काय सांगितले ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, ‘‘देव एक नेतो, तर दुसरे दुपटीने देतो. बघा ना, पोरीचे कान किती तिखट आहेत!’’

ते ऐकून आजीचा चेहरा उजळला. पोर भजन म्हणेल, पेटी शिकेल, देवाने तिची सोय करूनच तिला पाठविले आहे, असे तिने तेथल्या तेथे ठरवून टाकले. वडिलांनाही हायसे वाटले असावे. आई तेवढी काही बोलली नाही. ती मुलगी शाळेत गेली ती वयाच्या दहाव्या वर्षी. तिला पोचवायला निघालेली तिची आई मला हिंगोलीच्या एस.टी. स्टँडवर भेटली. तिने मला दोष दिला नाही, फक्त म्हणाली, ‘‘तुमचं वाक्य चार वर्षं आमच्या घरात नांदलं, फादर.’’

तेव्हापासून त्या वाक्याचा विचार मनातून जात नाही. ते खरे की खोटे? खरे असेल, तर कोणत्या अर्थाने? आणि एखादे वाक्य अर्धे खरे असताना सांत्वन म्हणून उच्चारण्याचा अधिकार कोणाला असतो काय? मी वैद्य नव्हे. परंतु ज्याने धर्मगुरू म्हणून असे वाक्य उच्चारले, त्याने निदान त्याची शहानिशा करावी, एवढी अपेक्षा गैर नाही. म्हणून गेली काही वर्षे मिळेल ते वाचीत गेलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आरंभ आपल्या भाषेपासूनच करावा. मराठीत ‘पाहणे’ हे क्रियापद डोळ्यांच्या मालकीचे नाही. भाजी चाखून पाहा, गाणे ऐकून पाहा, ताप आहे का हात लावून पाहा, अत्तर हुंगून पाहा, असे आपण दिवसभर म्हणत असतो आणि त्यात काही विसंगती आहे असे कोणासही वाटत नाही. या प्रयोगांत ‘पाहणे’ म्हणजे प्रयत्नपूर्वक जाणून घेणे. दुसरीकडे हीच भाषा बेफाम कारभाराला ‘आंधळा कारभार’ म्हणते, अविचारी भक्तीला ‘अंधश्रद्धा’ म्हणते, आणि ज्याला रस्ता दिसत नाही त्याला अक्कलही नसावी असे सुचविते. एकाच भाषेत दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात. यांपैकी कोणती अधिक शहाणी, हाच खरे म्हणजे या लेखाचा विषय आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला शिकविले गेले होते की, जे आधी इंद्रियांत आले नाही ते बुद्धीत असू शकत नाही. अॅरिस्टॉटलने पाचही इंद्रियांचे विषय वेगळे केले : रंग डोळ्यांचा, ध्वनी कानांचा. परंतु आकार, संख्या, गती, आकारमान या गोष्टी एकाहून अधिक इंद्रियांना कळतात. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे चालविला. परीक्षेपुरते हे पाठ केले आणि विसरलो. त्या अंगणातील मुलीमुळे ते पुन्हा आठवले, कारण तिला अंगणाचा आकार ठाऊक होता. चौकोन म्हणजे काय हे तिला कळत होते. प्रश्न असा, की तिला कळलेला चौकोन आणि मला दिसणारा चौकोन हा एकच काय?

हा प्रश्न माझा नाही. विल्यम मॉलिनो नावाच्या आयरिश विद्वानाने तो १६८८ साली जॉन लॉक यांस पत्राने विचारला होता. मॉलिनोची पत्नी अंध होती, त्यामुळे प्रश्न निव्वळ पुस्तकी नसावा असे मानायला जागा आहे. जन्मांध मनुष्याने घन आणि गोल यांतला भेद स्पर्शाने शिकून घेतला आहे. त्याला अकस्मात दृष्टी आली, तर हात न लावता, केवळ पाहून, घन कोणता आणि गोल कोणता हे तो सांगू शकेल काय? लॉकने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न घातला आणि उत्तर दिले : नाही. त्यानंतर तीनशे वर्षे तत्त्ववेत्ते वाद घालीत राहिले. १७२८ साली लंडनचे शल्यवैद्य चेझल्डन यांनी मोतीबिंदू काढलेल्या एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो मुलगा कुत्रे कोणते आणि मांजर कोणते हे पाहून विसरून जाई. शेवटी एकदा त्याने मांजरीला उचलून हातांनी नीट चाचपले, मग तिच्याकडे टक लावून पाहिले, आणि आता पुढच्या वेळी तुला ओळखीन असे तिला बजावले. डोळे आले होते, पण पाहणे अजून हातांकडेच होते.

या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळाले ते आपल्याच देशात. अमेरिकेतील एम.आय.टी. येथे प्राध्यापक असलेले डॉ. पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ हा उपक्रम सुरू केला. उत्तर भारतातील खेड्यापाड्यांतील जन्मतः मोतीबिंदू असलेली, गरिबीमुळे वेळेवर शस्त्रक्रिया न झालेली मुले शोधून दिल्लीत त्यांच्यावर विनामूल्य उपचार करावयाचे आणि त्यांची दृष्टी कशी घडत जाते याचा अभ्यास करावयाचा, असे त्याचे दुहेरी स्वरूप. २०११ साली त्यांनी आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच मुलांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाताने चाचपलेली वस्तू हातानेच ओळखण्यात ही मुले जवळजवळ अचूक होती, शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा. हाताने चाचपलेली वस्तू शस्त्रक्रियेनंतर लगेच डोळ्यांनी ओळखावयाची म्हटल्यावर मात्र हे प्रमाण शंभरात ५८ वर आले. दोन वस्तूंतून एक निवडायची असल्याने नाणे उडवूनही ५० येतातच! म्हणजे लॉक बरोबर होता. परंतु पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, त्या मुलांना काही दिवसांतच हे जमू लागले. कोणी त्यांना शिकविले नव्हते. हात आणि डोळे यांची ओळख व्हायला थोडा सहवास लागला, इतकेच.

मार्कच्या शुभवर्तमानात बेथसैदा येथील आंधळ्याची कथा आहे. येशू त्याच्या डोळ्यांना स्पर्श करतो आणि काही दिसते का म्हणून विचारतो. त्या मनुष्याला माणसे दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. मग दुसरा स्पर्श होतो आणि सारे स्पष्ट होते. बाकीचे चमत्कार एका शब्दात होतात, येथेच दोन टप्पे का, याचा खुलासा करताना भाष्यकारांची तारांबळ उडते. चेझल्डनचा मुलगा आणि दिल्लीची ती पाच मुले यांच्याविषयी वाचल्यावर मला त्या कथेत अवघड असे काही उरलेले दिसत नाही.

आता त्या मुलीकडे वळू, जिला दृष्टी येणारच नाही. आपल्या मस्तकाच्या मागच्या बाजूस मेंदूचा जो भाग आहे, तो डोळ्यांकडून आलेल्या संदेशांचे काम करतो. जन्मांधाच्या बाबतीत हा भाग काय करीत असेल? पूर्वी समजत असत की तो रिकामा पडून राहतो, बंद घराच्या ओसरीसारखा. १९९६ साली नोरिहिरो सादातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, लहानपणी अंध झालेली माणसे बोटांनी ब्रेल वाचीत असताना हा ‘दृष्टी’चा भाग जागा होऊन काम करतो. पुढल्याच वर्षी चुंबकीय आघातांनी त्या भागाच्या कामात क्षणभर व्यत्यय आणला असता वाचकांची बोटे ब्रेलमध्ये चुकू लागली, असे आढळले. डोळसांच्या त्याच भागात तसाच व्यत्यय आणला तर त्यांच्या स्पर्शज्ञानावर तसा परिणाम होत नव्हता. २००० साली प्रसिद्ध झालेला एक वृत्तांत तर हृदयाला चटका लावणारा आहे. ब्रेल उत्तम वाचणाऱ्या एका जन्मांध स्त्रीला मेंदूच्या मागील भागाच्या दोन्ही बाजूंना पक्षाघात झाला. तिच्या बोटांना ठिपके लागत होते, घरातल्या वस्तू हाताने ओळखता येत होत्या, पण अक्षरे लागेनात. डोळसाच्या बाबतीत अशा आघाताने दृष्टी जाते. तिची वाचा नव्हे, हालचाल नव्हे, तिचे वाचन गेले. जी दृष्टी तिला कधीही नव्हती, ती जणू दुसऱ्यांदा गेली.

हे वाचून मला प्रथम आनंदच झाला. देव एक नेतो आणि दुसरे देतो याला आता शास्त्राचाही आधार मिळाला, असे मी मनाशी म्हणालो. घाईने काढलेला निष्कर्ष बहुधा आपल्या सोयीचा असतो, हे ध्यानात यायला आणखी काही वाचन करावे लागले.

२००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग असा : डोळस माणसांचे डोळे पाच दिवस अखंड बांधून ठेवले आणि त्यांना ब्रेल शिकविले. पाचव्या दिवशी त्यांच्याही मेंदूचा मागील भाग स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागला. पट्टी सोडल्यावर चोवीस तासांत तो प्रतिसाद नाहीसा झाला. पाच दिवसांत मेंदूत नवे मार्ग बांधून होत नाहीत. अर्थात हे मार्ग आधीपासूनच आहेत, तुमच्याआमच्यांतही आहेत, फक्त उजेडाच्या गर्दीत त्यांना वाव मिळत नाही. मेंदू खरोखर नव्याने रचला जातो की मुळातले सामर्थ्यच उघडे होते, याविषयी शास्त्रज्ञांत अद्यापि मतभेद आहेत. टामार मेकिन आणि जॉन क्राकाउअर यांनी २०२३ साली दुसऱ्या पक्षाची बाजू जोराने मांडली. मला त्या वादात निवाडा देण्याचा अधिकार नाही. परंतु त्यातून एक गोष्ट निघते : अंधाला मिळते ती कोणी वेगळी वाटलेली देणगी नव्हे, ते मनुष्यमात्राचे सामाईक धन आहे. अंध मनुष्य ते वापरतो.

आणि ‘वापरतो’ हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. २०११ साली कॅनडातील डॅनियल गोल्डराइश यांच्या प्रयोगशाळेने एक साधी, पण मर्मावर बोट ठेवणारी तुलना केली. अंध व्यक्तींचा स्पर्श डोळसांपेक्षा सूक्ष्म असतो, हे पूर्वीच ठाऊक होते. या मंडळींनी बोटांबरोबर ओठांचीही परीक्षा घेतली. नुसते अंधत्व आले की स्पर्श आपोआप तीक्ष्ण होत असेल, तर तो ओठांवरही व्हावयास हवा. तसे झाले नाही. बोटे सरस ठरली, ओठ डोळसांइतकेच राहिले. ज्या बोटाने ते वाचतात त्या बोटाची तीक्ष्णता आठवड्याला किती वेळ वाचन होते याच्याशी निगडित दिसली. ज्या अवयवाने कष्ट केले त्याला फळ मिळाले. घ्राणेंद्रियाचीही तीच कथा. अंधांचे नाक तिखट असते हा सार्वत्रिक समज आहे, परंतु अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता तसा फरक सिद्ध होत नाही. आमच्या हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम असला की डोळस काय आणि अंध काय, सर्वांच्याच नाकात तोच एक खकाणा जातो! काही बाबतींत तर जन्मांध मागे पडतात. एकामागून एक तीन ठिकाणांहून ध्वनी आले असता मधला ध्वनी पहिल्याच्या जवळ की तिसऱ्याच्या, हे सांगणे त्यांना डोळसांपेक्षा अवघड जाते, असे २०१४ मधील एका इटालियन संशोधनात आढळले. कान तिखट असतात हे खरे, पण जागांचे परस्पर अंतर मापायला कानाला जी फूटपट्टी लागते ती बहुधा बालपणी डोळेच घडवून देतात.

माझ्या वाक्याचा उत्तरार्ध, तो ‘दुपटीने देतो’, येथे कोसळतो. त्या मुलीला देवाने दिले होते ते सामर्थ्य. वाचन दिले नव्हते. वाचन कोणीतरी शिकवायचे होते, आणि ती चार वर्षे तिची बोटे अंगणात रिकामी होती.

वेद मेहता यांचे उदाहरण येथे आठवते. लाहोरला १९३४ साली जन्मलेल्या या मुलाची दृष्टी मस्तिष्कावरणाच्या तापाने चार वर्षांचा होण्याआधीच गेली. त्यांचे वडील डॉक्टर. त्यांनी पाच वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलाला शेकडो मैल दूर मुंबईत दादरच्या अंधशाळेत धाडले. ही शाळा अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलर्ड यांनी १९०० साली सुरू केलेली. तेथील जिणे सुखाचे नव्हते, मुलगा वारंवार आजारी पडला, हे सारे त्यांनी पुढे मोठेपणी लिहून ठेवले आहे. वडिलांचा निर्णय कठोर होता. मी त्या जागी असतो तर घेतला असता असे म्हणवत नाही. पण त्या निर्णयामागे आपोआप काही मिळेल ही समजूत नव्हती.

मेहता यांनी आणखी एका गोष्टीविषयी लिहिले आहे. भिंत, खांब, उघडे दार जवळ आले की त्यांना ते चेहऱ्यावर जाणवे. पुष्कळ अंध असेच सांगतात आणि आपल्या त्वचेलाच ते कळते अशी त्यांची खात्री असते. १९४४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात याची परीक्षा झाली. चेहरा झाकला तरी अडथळा कळे. कान बुजविले की मात्र मनुष्य सरळ भिंतीवर आदळे. म्हणजे चेहऱ्यावर जाणवत होता तो पावलांचा प्रतिध्वनी. ज्याला ही विद्या येत होती त्यालाही ती कोठून येते याचा पत्ता नव्हता! जिभेने चुटकी वाजवून तिच्या प्रतिध्वनीवरून वाट काढणारे अंध आज जगात आहेत. २०२१ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दहा आठवड्यांच्या शिकवणीने बारा अंध आणि चौदा डोळस माणसांना ही विद्या शिकविली. त्यांतील सर्वांत वयस्कर व्यक्ती ७९ वर्षांची होती. पुन्हा तेच : सामर्थ्य सर्वांचे, फळ मात्र शिकवणीचे.

मोठ्या वयात दृष्टी गेलेल्यांची गोष्ट निराळी आहे, आणि तीत एकच एक नियम सापडत नाही. आमच्या भागातील एका गृहस्थांची दृष्टी पन्नाशीत काचबिंदूने गेली. जन्मभर हळदीचा धंदा केलेला मनुष्य. आता ते ओट्यावर बसून हळकुंड मोडतात आणि त्या आवाजावरून माल पुरता वाळला की नाही ते सांगतात. चांगले वाळलेले हळकुंड मोडताना धातूसारखे खणकन् वाजते, हे मोंढ्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. आडते मंडळी कौतुकाने म्हणतात, डोळे गेले आणि कान आले. मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते हसले. ‘‘फादर, कान होतेच. आधी बघून काम भागत होतं, म्हणून ऐकत नव्हतो.’’ मेंदूशास्त्राचा एवढा खटाटोप करून मी जेथे पोचलो, तेथे ते ओट्यावर बसल्या बसल्या पोचले होते.

बर्मिंगहॅम येथे धर्मशिक्षणाचे प्राध्यापक असलेले जॉन हल यांची दृष्टी प्रौढ वयात पूर्णपणे गेली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात पावसाविषयीचे प्रसिद्ध चिंतन आहे. दारात उभे राहून ते पाऊस ऐकतात, आणि छपरावर, पायवाटेवर, झुडपांवर पडणाऱ्या थेंबांच्या निरनिराळ्या आवाजांतून सारी बाग त्यांच्यापुढे उलगडते. आपल्याकडे पत्र्यावर, निंबावर आणि शेणाने सारवलेल्या अंगणात पडणारा आषाढाचा पाऊस आठवावा म्हणजे त्यांना काय म्हणायचे ते उमगेल. हल यांची दृश्य आठवणही हळूहळू विझत गेली आणि त्यांनी ते स्वीकारले. याउलट झोल्टन टोरी हे ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ. १९५१ साली, एकविसाव्या वर्षी, कारखान्यातील अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांनी दृश्य कल्पनाशक्ती सोडावयाचीच नाही असा निश्चय केला आणि ती इतकी प्रखर केली की, आपल्या घराच्या छपराचे पन्हाळे त्यांनी एकट्याने, तेही रात्रीच्या अंधारात, बदलले. शेजाऱ्यांचा थरकाप उडाला! त्यांना मात्र रात्र काय आणि दिवस काय. दोघेही अंध, दोघेही विचारवंत, आणि दोघांच्या वाटा अशा विरुद्ध. तेव्हा ‘अंधांचे असे असते’ असे जे कोणी सांगू लागेल, त्याला प्रथम ‘कोणत्या अंधाचे?’ असे विचारावे.

आपल्या महाराष्ट्रात अंधत्वाचा विषय निघाला की श्री गुलाबराव महाराजांचे नाव निघणारच, आणि ते निघावेही. विदर्भात १८८१ साली जन्मलेल्या या सत्पुरुषाची दृष्टी तान्हेपणीच गेली. १९१५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवण्यापूर्वी त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ सिद्ध केले. मधुराद्वैत दर्शन मांडले, पाश्चात्त्य तत्त्वज्ञांचाही परामर्श घेतला. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. ती पदवी त्यांना शोभते. माझी तक्रार आहे ती आपण ती पदवी सरसकट वाटतो याविषयी. महाराजांना ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचवून घ्यावे लागत, स्वतःचे विचार सांगून लिहवून घ्यावे लागत. म्हणजे त्यांच्या प्रज्ञेभोवती वाचणारे आणि लिहून घेणारे हात होते. ज्या मुलीला आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो, तिच्यासाठी वाचणारा कोण आहे, याची चौकशी आपण करीत नाही. पदवी दिली की आपले देणे फिटले.

‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही म्हण आपण उधळ्या कारभाराविषयी वापरतो. एकदा ती मुळापासून वाचून पाहा. दळणाऱ्या बाईच्या दळण्यात काही उणे आहे असे म्हण म्हणत नाही. पीठ जाडे पडले, दाणे सांडले, अशी तक्रार नाही. तिने आपले काम चोख केले आहे. घरात डोळे असलेली इतर माणसे असतीलच, आणि कुत्रे हाकलणे त्यांच्याकडे होते. म्हण त्यांच्याविषयी आहे, आणि आपण शतकानुशतके ती त्या बाईविषयी वापरीत आलो.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. त्यांचेही शालेय शिक्षण दादरच्या त्याच शाळेत झाले. संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साह्याने त्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास केला. सरावाने अंध व्यक्ती अशी यांत्रिक वाणी इतक्या वेगाने ऐकू शकतात की, डोळस माणसाला ती नुसती किरकिर वाटते. पहिल्या खेपेस उत्तीर्ण होऊनही पूर्ण अंधत्वामुळे त्यांना एका केंद्रीय सेवेत नेमणूक नाकारण्यात आली. २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. दळण झाले होते, पीठ कसे जाते ते यावरून कळावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, सरकारी नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी एक टक्का जागा राखल्या गेल्या. हे बरे झाले. पण कायदा कुत्रे हाकलू शकतो, जाते शिकवू शकत नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही टाळली पाहिजे. दृष्टी दिली की सारे झाले, असेही नाही. सिडनी ब्रॅडफर्ड नावाच्या इंग्रज कारागिरावर बावन्नाव्या वर्षी नेत्ररोपण झाले. अंध असताना तो आनंदी, धीट आणि आपल्या कामात वाकबगार होता. दृष्टी आल्यावर त्याला जग कळकट वाटू लागले, तो खिन्न होत गेला आणि १९६० साली, शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे होण्याच्या आतच, वारला. म्हणून उपचार करू नयेत, असे मी मुळीच म्हणत नाही. दिल्लीच्या मुलांनी दाखविले आहे की उशिरा आलेली दृष्टीही पुष्कळ काही शिकते, आणि आपल्या देशात आजही अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदूच आहे, ज्यावर उपाय आहे. ब्रॅडफर्डची कथा सांगते ती इतकेच, की त्याला डोळे देणारे पुष्कळ होते, नंतर सोबत बसणारे थोडे.

योहानच्या शुभवर्तमानातील जन्मांधाच्या कथेत शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? तो प्रश्न आपल्याला क्रूर वाटतो आणि आपण स्वतःला त्यांच्याहून सुधारलेले समजतो. पण मला त्या कथेतले शेजारीच अधिक बोचतात. तो बरा होऊन आला तेव्हा हा तोच काय, यावर त्यांच्यात वाद माजला. काही म्हणाले, त्याच्यासारखा दुसरा कोणी असेल. इतकी वर्षे तो त्यांच्या वाटेवर बसलेला होता, आणि त्याचे भीक मागणे तेवढे त्यांनी पाहिले होते, चेहरा पाहिलाच नव्हता. अंगणात हळदीच्या कडेने चालणाऱ्या मुलीचे तिखट कान मीही असेच पाहिले. ते कौतुकाचे होते, म्हणून वेगळे ठरत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आलेली असताना मी पुन्हा गेलो. आता ती मोठी झाली आहे, आणि शाळेत चार वर्षे उशिरा पोचल्याने वर्गातल्या मुलींपेक्षाही मोठी आहे. त्याबद्दल ती चिडते. तिने मला आपली ब्रेलची पाटी दाखविली. कागद पाटीत अडकवून टोचणीने लिहायचे, तेही उजवीकडून डावीकडे, कारण ठिपके कागदाच्या पाठीवर उठतात आणि कागद उलटल्यावर ते डावीकडून वाचायचे असतात. तिने एक मजेची गोष्ट सांगितली : ‘कि’ लिहिताना आपण इकार आधी काढतो आणि ‘क’ नंतर, ब्रेलमध्ये मात्र आधी ‘क’ आणि मग इकार, जसे बोलतो तसे. ‘‘तुमचं लिहिणंच उलटं आहे,’’ ती म्हणाली. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ नावाचे ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघू लागले, हे मी वाचले होते. तिला ते माझ्याआधी ठाऊक होते.

मग तिने एक शब्द टोचला, कागद उलटून माझ्यापुढे सरकविला आणि डोळे मिटायला लावले. मी बोट फिरविले. खडबडीत काहीतरी लागले, एवढेच. तिने माझे बोट धरून सावकाश पहिल्या अक्षरावर नेले. वरच्या चार जागांपैकी तीन ठिकाणी ठिपका, एक कोपरा रिकामा. ‘ह’ आणि ‘द’ या दोहोंचेही असेच तीन ठिपके असतात, फक्त रिकामा कोपरा वेगळा. दोन ठिपक्यांमध्ये अडीच मिलीमीटरचे अंतर. मी पुन्हा पुन्हा चाचपले आणि ‘द’ म्हणालो. पुढचे अक्षर तिनेच ‘ळ’ म्हणून सांगितले. शेवटचे मी पुन्हा ‘द’ सांगितले.

‘‘दळद?’’ ती हसून हसून लोळायला आली. आई आतून विचारू लागली काय झाले म्हणून. ‘‘फादरला अंगणात काय वाळत घातलंय ते वाचता येईना!’’

ती सुट्टी संपेपर्यंत मी रोज सायंकाळी तेथे जात असे. ‘ह’ आता कळतो. ‘ज’ अजून चुकतो.